घाटापलीकडचा दातांचा डॉक्टर

१४ सप्टेंबर

झोप सात तास.

दवाखान्यातल्या सिस्टर गुलझातला एवढीच ओळ हवी असते. वही तिनेच दिली, शाळकरी पोरांची, मागे पाढे छापलेली. म्हणाली, "तेंतिमिश-आके, रोज किती झोपलात ते लिहायचं. खाली मनातलं काही लिहिलंत तरी चालेल, मी फक्त पहिली ओळ वाचीन." हातात वही आल्यावर पहिल्या ओळीशी थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणून माझ्या आजाराचं नाव इथे लिहीत नाही.

आजची बातमी अशी की तोल्कुनचं ठरलं. मुलगा एर्मेक, झुमगाल खोऱ्यातला. त्याची माणसं बारा ऑक्टोबरला तिच्या कानात डूल घालायला येणार. मुलाची आई स्वतःच्या हाताने डूल घालते, मेंढा शिजतो, मुलीचा बाप दारासमोरच्या मानाच्या जागी बसून व्याह्याला मेंढ्याचं डोकं देतो. शेवटी बाप तळवे उघडून आशीर्वाद देतो, सगळे तोंडावरून हात फिरवून ओमीन म्हणतात. मग मुलगी त्यांची.

व्याही मुसाकून घोडे पाळतो. त्याला मी अजून पाहिलेलं नाही. विहीणबाई, बुरुल, ऑगस्टमध्ये येऊन गेल्या, पण नेमक्या पंचवीस तारखेला. त्या दिवशी मी डोलोन घाट ओलांडून नारिनला गेलो होतो. अख्ख्या कोचकोरला ठाऊक आहे की तेंतिमिश दर पंचवीस तारखेला नारिनला दातांच्या डॉक्टरकडे जातो. सोळा वर्षं जातोय. तेच इंजेक्शन आमच्या गावच्या दवाखान्यातही मिळतं, पण तिथल्या बाकावर बसलेला माणूस उठायच्या आत बाजारात पोचलेला असतो.

झूराने विहिणीला नेमकी पंचवीसच तारीख का द्यावी, कोण जाणे. माझ्या बायकोला तारखांचं भान कधीच नव्हतं.

१७ सप्टेंबर

झोप सात तास.

शाळेच्या मुख्याध्यापकांची साठी. चार युर्ता, म्हणजे आमचे बुरणुसाचे गोल तंबू, लावल्या, दोन काहिली चढवल्या. माझ्याकडे आता एकोणीस युर्ता आहेत. पहिली सासऱ्याने टाकून दिलेली होती, बुरणूस उंदरांनी कुरतडलेला, आत झोपलं की चांदण्या दिसायच्या. आज कोचकोरमध्ये माझ्या काहिलीशिवाय कुणाचं लग्न लागत नाही आणि कुणाची वर्षी होत नाही.

मी आत बसत नाही. काहिलीमागे उभा राहून वाटे करतो. कमरेचं हाड सगळ्यांत वडीलधाऱ्याला, पाठीमागची चरबी आजीबाईंना, खांद्याचं पातं त्याखालोखाल मानाच्या माणसाला. वाटा चुकला तर लोक वीस वर्षं अबोला धरतात, म्हणून वाटे करणाऱ्याला उठवून आत बसवायचं धाडस कुणी करत नाही. ही जागा मी फार विचार करून निवडली आहे.

बाहेर उभं राहिल्यावर आतलं सगळं ऐकू येतं. बुरणुसाच्या भिंती वारा अडवतात, बोलणं नाही. आज दोघांचं ऐकलं.

"लेकाचं लग्न कधी धरलंस?"

"नऊ तारखेला. आधी अठ्ठावीस ठरली होती. पण तेव्हा तेंतिमिश नुकता दात करून आलेला असतो. हात कापतात त्याचे. म्हटलं, जाऊ दे दहा दिवस, माणसाला त्रास नको."

"बरं केलंस. आम्हीही बापाची वर्षी पुढेच ढकलली होती."

"दात किती उरले असतील रे त्याचे?"

"सगळे. घोड्याचे पडतील, त्याचे पडायचे नाहीत."

आणि हसले. माझ्या दातांचं कौतुक ऐकून बरं वाटलं. दात काढल्यावर हात कशाला कापतील, हा प्रश्न एवढ्या वर्षांत एकालाही पडला नाही. आमचे लोक भोळे आहेत. पंचवीस ते पाच तारखेपर्यंत गावात युर्ता कुणी का मागत नाही, तेही आज कळलं. मी इतकी वर्षं समजत होतो की पगाराच्या तारखांमुळे.

२० सप्टेंबर

झोप सात तास.

झूराशी बोललो. ती दही लावत होती.

"डुलांच्या दिवशी झुमाशला मानाच्या जागी बसवू," मी म्हटलं. झुमाश माझा धाकटा भाऊ.

"का? मुलीचा बाप मेला?"

"अगं, वाटे कोण करणार? व्याह्यांसमोर वाटा चुकला तर?"

"शिकवा झुमाशला. तो वाटे करील, तुम्ही बसा."

"झुमाशला मेंढ्याचं पुढचं कुठलं नि मागचं कुठलं ते कळत नाही."

"आणि आशीर्वाद कळतो?"

तिने भांड्याला घोंगडी गुंडाळली आणि आत गेली.

आशीर्वादाचं असं आहे. सोळा वर्षांपूर्वी शेजारच्या पोराच्या लग्नात मी तळवे उघडून मनापासून आशीर्वाद दिला होता. महिन्याभरात मी दुसऱ्यांदा आजारी पडलो आणि वर्षाच्या आत ते जोडपं वेगळं झालं. लोक म्हणाले, पोरगा पितो. असेल. पण मी तेव्हापासून कुणाला आशीर्वाद दिलेला नाही. सगळ्यांबरोबर तळवे उघडतो, ओठ हलवतो आणि मनात युर्तेचे दांडे मोजतो. ज्या कातडी बुधल्यात दूध एकदा नासलं, त्यात पुन्हा ताजं दूध कुणी ओतत नाही. तोल्कुन माझी एकुलती एक आहे. तिच्या डोक्यावर हे ओतणार नाही.

व्याह्यांना कळलं तर ते मेंढा शिजायच्या आत उठून जातील. तसं झालं तर त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. सून आणताना लोक सात पिढ्यांची चौकशी करतात, आणि मी तर पहिलीच पिढी.

२५ सप्टेंबर

झोप सात तास.

नारिनला गेलो नाही. इंजेक्शननंतर दहा-बारा दिवस हात कापतात, चेहरा तर तीन आठवडे लाकडासारखा राहतो. बारा तारखेला मला माणसासारखा चेहरा हवा. तेरा तारखेला जाईन. अठरा दिवसांनी काय होतंय. सोळा वर्षं एकदाही चुकवलेलं नाही, एवढी उधारी मला मिळायला हरकत नाही. झूराला सांगितलं, डॉक्टर सुटीवर आहे.

"कुठला? दातांचा?" ती म्हणाली.

घरात आम्ही सुईबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. मी हो म्हटलं.

२९ सप्टेंबर

झोप साडेपाच तास, पण चांगली.

हात स्थिर आहेत. आरशात बघितलं, हसलो की गाल वर जातात. मोठ्या युर्तेच्या छताचं गोल कडं उतरवून लाल रंग दिला. पहाटे उठून काम केलं की किती काम होतं. तोल्कुन शाळेतून आली, तिथे ती भूगोल शिकवते. म्हणाली, "बाबा, काल दिलेला रंग पुन्हा कशाला देताय?" काल दुसरा हात होता, आज तिसरा.

१ ऑक्टोबर

झोप चार तास. गुलझात, हे वाचून घाबरू नकोस, मला एवढी पुरते.

आज सगळं लख्ख दिसतंय. एकोणीस युर्ता म्हणजे काहीच नाही. चाळीस पाहिजेत. झुमगालमध्ये वीस ठेवायच्या, व्याही जागा देईल, तोल्कुन तिकडचं बघेल, एर्मेक गाडी चालवेल. घाटाच्या दोन्ही बाजूंना दहा दहा, म्हणजे वाऱ्यापावसात कुणी अडकलं तर लगेच निवारा. मी झूराला जेवताना सांगितलं, ती माझ्या ताटाकडे बघत होती. ताट भरलेलंच होतं. मी जेवायचं विसरलो होतो, बोलण्याच्या नादात. माझ्यासारख्या माणसाला एवढी वर्षं पुरेशी माणसं ऐकायला मिळाली नाहीत हेच खरं.

भांड्यांच्या युर्तेत दोन बायका बोलत होत्या. मी बाहेर दोर वळत होतो. एक म्हणाली, बाप तोच ना. दुसरी म्हणाली, तोच. मुलीतही असणार.

आत जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. मागच्या बाजूने गेल्या असतील.

माझे कान तिखट आहेत. त्यांच्यावर मी धंदा उभा केला. त्यांनीच मला दोनदा दगाही दिला. पहिल्यांदा सत्तावीस वर्षांचा असताना, तेव्हा पाच महिने इस्पितळात होतो. म्हणून मी एक रीत ठेवली आहे. काही संशयाचं ऐकलं की कुत्र्याकडे बघायचं. आमच्या अकतोशने कान टवकारले तर आवाज जगातला. नाही टवकारले तर माझा.

अकतोश झोपला होता. आता म्हातारा झालाय, बहिरा झाला असेल.

३ ऑक्टोबर

झोप तीन तास.

सकाळी अंगणाच्या या टोकाला उभा राहून सॉसेजचा कागद सोलला. अकतोश त्या टोकाहून धावत आला.

बहिरा नाही.

मग मी लाकडाच्या ढिगावर बराच वेळ बसून राहिलो. तोल्कुन शाळेत जायच्या कपड्यांत बाहेर आली. हातात गाडीची किल्ली होती.

"चला बाबा."

"कुठे?"

"दात दुखतोय तुमचा."

"शाळा?"

"शाळेला सांगितलंय. बाबांचा दात दुखतोय म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी काही विचारलं नाही."

मी उठलो. ती माझ्या पुढे न चालता बाजूने चालत होती.

४ ऑक्टोबर

झोप नऊ तास. गुलझातने गोळी वाढवून दिली आहे.

काल घाटात तोल्कुन गाडी चालवत होती. वर पोचल्यावर म्हणाली, "बारा तारखेला तुम्ही बसणार आहात ना, बाबा?"

"झुमाश बसेल."

"मला झुमाशकाका नकोत."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच."

"माझं भलं मला विचारा की एकदा."

त्या वेळी माझ्या डोक्यात तिच्याशिवाय आणखी त्या दोन बायका बोलत होत्या आणि कुणाला उत्तर द्यावं ते कळेना.

दवाखान्यात बाकावर तीन माणसं होती. दोघं अनोळखी. तिसरी बाई खिडकीकडे तोंड करून, रुमाल पुढे ओढून बसलेली. पण मी माणसांना पाठीवरून ओळखतो, जन्मभर त्यांच्या पाठीच पाहिल्या. कोचकोरच्या पोस्टातल्या साबिरा-एजे, सगळ्या गावाची ताई.

मी वळणार तेवढ्यात त्यांनी मान फिरवली. दोघंही थांबलो.

"दात?" त्या म्हणाल्या.

"दात. तुम्ही?"

"चष्मा."

"बरं."

मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं चष्म्यासाठी येते. गावात दाखवायला अधूनमधून नवा घ्यावा लागतो. कपाटात पंधरा पडलेत. नजर माझी गरुडासारखी आहे."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं. त्याही हसल्या आणि रुमाल मागे सरकला.

गुलझात दारात आली. "अरे वा, कोचकोरवाले एकत्र आले. तुम्ही घाट चढून इकडे येता आणि आमच्या नारिनचे सहा जण घाट उतरून तुमच्या कोचकोरला सुईला जातात. एकदा घाटात सगळ्यांनी गाड्या थांबवा, मीच सुया घेऊन तिथे येते."

येताना साबिरा-एजे आमच्या गाडीत बसल्या. मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तुमचं मला आधीपासून माहीत होतं."

"कसं?"

"दवाखान्याची पत्रं पोस्टातूनच येतात ना, आके. शिक्का मीच मारते."

मग विचार करत बसलो. ही बाई अकरा वर्षं गावातल्या झाडून सगळ्या जेवणांना आली. माझ्या हातचा वाटा घेतला. पातं मिळालं की हाड पांढरं होईपर्यंत चोखायची. माझा असा हिशेब होता की ज्याला कळेल तो माझ्या हातचं खाणार नाही. हिशेबात कुठेतरी चूक आहे. पण साबिरा-एजेंना स्वतःलाच तो आजार आहे, तेव्हा त्यांचं धरता येणार नाही.

८ ऑक्टोबर

झोप आठ तास.

डोक्यात शांत आहे. बायका गेल्या. चाळीस युर्तांचा कागद चुलीत घातला. हात कापतात, चेहरा लाकडी झाला, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळं होतं तिथेच आलं, आणि मधल्यामध्ये पोरीचा एक दिवस गेला. मी गाढव आहे. हे मी आजारी म्हणून नाही, तसाच आहे.

पण बेत बदलायचा नाही. झुमाशच बसेल. आज त्याची आशीर्वादाची तालीम घेतली. तो पूर्वी ट्रॅक्टर स्टेशनात होता. मुलं होवोत, घोडे होवोत इथपर्यंत ठीक होतं. पुढे म्हणाला, "आणि तुमच्या गाडीचं इंजिन थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होवो."

"हे काढ."

"दादा, झुमगालमध्ये थंडी किती असते माहीत आहे का? याहून चांगला आशीर्वाद तू दाखव."



तोल्कुन दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलते. चहा आणून ठेवते आणि जाते.

१३ ऑक्टोबर

झोप सहा तास. आनंदाने कमी झाली आहे, दुसरं काही नाही. झूराने तपासून ही ओळ लिहू दिली.

काल नऊ माणसं दोन गाड्यांतून आली. पांढरी युर्त अंगणात लावली होती. मी फाटकात हात मिळवले, "या, या" म्हटलं आणि कुणी नाव विचारायच्या आत युर्तेमागे काहिलीपाशी सटकलो. तिथे गेल्यावर हात खिशात घातले.

आतलं सगळं ऐकत होतो. बुरुलबाईंनी डूल घातले. आमच्या मोठ्या मावशींनी गोड गोळ्या उधळल्या. तोल्कुन हसली नाही. तिचं हसणं मी शंभर माणसांत ओळखतो, ते आलं नाही.

डोकं परातीत ठेवून झूराकडे दिलं. ती ते आत घेऊन गेली. बुरणुसाला कान लावला.

एक जाड, घोगरा आवाज म्हणाला, "डोकं कोण देतंय मला?" तो मुसाकून.

"मी, व्याही," झुमाश म्हणाला. "मुलीचा काका."

"काका आहे ते ठीक. बाप कुठाय?"

मग आमच्या मावशी म्हणाल्या, "त्याचा जरा दात..."

"मावशी, डोकं हाताने देतात. दाताने नाही."

लोक हसले. मग झूराचा आवाज आला, अगदी सरळ, "ते मागे काहिलीपाशी आहेत. नेहमी तिथेच असतात."

मी अकतोशकडे बघितलं. त्याचे दोन्ही कान उभे होते.

दाराचा बुरणुसी पडदा उचलला गेला आणि युर्तेला वळसा घालून एक बुटका, फेंगड्या पायांचा माणूस आला. परात स्वतःच हातात धरलेली. त्याने काहिलीभोवती नजर फिरवली.

"इथली मानाची जागा कुठली?"

"इथे असं काही नाही, व्याही. हे धुराचं ठिकाण आहे."

"मग धूर येत नाही ती मानाची." लाकडाचा ओंडका पायाने सरकवून तो बसला आणि परात माझ्यापुढे धरली. "द्या."

दोन्ही हात खिशातून काढावे लागले. परात हातात घेतल्याबरोबर तिच्यात डोकं थरथरायला लागलं. त्याने ते पाहिलं.

"थंडी वाजते?"

मी खोटं बोलण्यात तयार माणूस आहे. थंडी वाजते म्हटलं असतं तर संपलं असतं. पण पलीकडे तोल्कुन येऊन उभी राहिली होती, कानात नवे डूल, आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "इंजेक्शनने कापतात. डोक्याचा आजार आहे मला. दोनदा इस्पितळात होतो. माणसं नसताना मला बोलणं ऐकू येतं." आणि डॉक्टर कागदावर लिहितात ते नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया. त्याला एकदा कळलं नाही, दुसऱ्यांदा सांगावं लागलं. तीस वर्षं लपवलेला शब्द दोन वेळा, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने.

"हां, तेच," मुसाकून म्हणाला. "बुरुलने सांगितलं तेव्हाही मला ते नाव घेता आलं नव्हतं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोने. ऑगस्टमध्ये, पहिल्या चहाला. तुम्ही खोटं बोलला नाहीत, मग मीही बोलत नाही. आम्ही दोन दिवस विचार केला. बुरुल रडली. माझा भाऊ म्हणाला, नको. मग बुरुलच म्हणाली, जी बाई पहिल्या चहाला हे सांगते ती पुढे आपल्यापासून काय लपवणार? दुसऱ्या घरात काय निघेल ते लग्नानंतर कळलं असतं." त्याने परातीला हात लावला. "आता देता का? मांस थंड होतंय."

मी डोकं दिलं. त्याने सुरी काढली, दोन्ही डोळे काढले, एक स्वतः खाल्ला आणि दुसरा सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरला. ज्याला पुन्हा पुन्हा भेटायची इच्छा असते त्याच्याबरोबर डोळे वाटून घेतात. मला आजवर कुणी दिला नव्हता. द्यायला मी जागेवर सापडायला हवा ना.

तोवर आतली माणसं बाहेर यायला लागली होती. मानाचा पाहुणाच बाहेर बसलाय म्हटल्यावर आत कोण बसणार. गाद्या आल्या, चहाची भांडी आली, मावशींना दोघींनी उचलून आणलं. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता आणि कुणी उठत नव्हतं. झुमाश सगळ्यांत शेवटी आला, मानाच्या जागेवरचं उशीचं गाठोडं काखेत घेऊन.

शेवटी मुसाकून म्हणाला, "व्याही, आता आशीर्वाद."

मी त्याच्या कानाशी वाकलो. "माझा लागत नाही. एकदा दिला होता, वाईट झालं."

"तुमचा आजार घोड्यांना होतो का?"

"नाही."

"मग मी घाबरत नाही. द्या."

मी तळवे उघडले. चाळीस तळवे समोर उघडे होते आणि त्यांतले माझे दोन हलत होते. काय म्हणालो ते सगळं आठवत नाही. पोरांनो, एकमेकांच्या हातचं जेवत जा, असं म्हणालो. घरात जे होईल ते आधी एकमेकांना सांगा आणि आजारी पडलात तर दार लावून घेऊ नका. मग पुढचं सुचेना. तर झुमाश हळूच म्हणाला, "इंजिन," आणि मी तेही म्हटलं, की तुमच्या गाडीचं इंजिन थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होवो. एर्मेक सगळ्यांत मोठ्याने ओमीन म्हणाला.

तोल्कुन हसली.

तर आता गावात जाणणारे म्हणजे झूरा, तोल्कुन, साबिरा-एजे आणि काल काहिलीभोवती बसलेले. मावशींना मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे कदाचित रस्त्यापलीकडचे दोघं. बाकी कुणाला संशय नाही.

१४ ऑक्टोबर

झोप सात तास.

सकाळी झूरा अंगणात काहील घासत होती. मी पाणी ओतत होतो.

"सांगायच्या आधी मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो. मला केवढी लाज वाटली असती."

तिने घासणं थांबवलं. "तुम्ही पहिल्यांदा पाच महिने आत होतात तेव्हा मी रोज त्या फाटकाबाहेर बसायची. वीस वर्षांची होते. बाकीच्या बायका तोंड झाकून बसायच्या, मी उघड्या तोंडाने सूर्यफुलाच्या बिया खायची. मला लाज नव्हती वाटत. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, झूरा, कुणाला सांगू नकोस, फार लाजिरवाणं आहे. तेव्हापासून लाज वाटून घेतली, तुमच्यासाठी. तीस वर्षं. पण तोल्कुनच्या वाट्याला मी ती देणार नव्हते."

मी बादली धरून उभा होतो. 

"ओता ना पाणी," ती म्हणाली.

ओतलं. काहील धुऊन झाल्यावर ती आत गेली आणि चहा मांडला. माझा पेला दारासमोरच्या जागी ठेवला होता. रोज मी दाराजवळ बसतो, बोलावणं आलं तर पटकन उठता यावं म्हणून. पेला तिथे का ठेवला हे मी विचारलं नाही. जाऊन बसलो. तिथून अख्खं घर दिसतं आणि दारातून डोंगरही. चहा संपेपर्यंत बाहेर दोनदा कुणी हाक मारली, पण मी उठलो नाही, झूरा उठली.